पाच मिनिटांचे गोलकीपर

वानखडे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका मोटरचं जळकं वाइंडिंग सोलत बसलो होतो. फोन आमच्या फुटबॉल क्लबच्या सेक्रेटरीचा, आणि या गृहस्थाने याआधी दोनदा जिवंत माणसांना श्रद्धांजली वाहिलेली आहे. म्हणून मी आधी क्लबच्या आणखी दोघांना विचारलं, मग सरांच्या गल्लीतल्या किराणावाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "हो भाऊ, सकाळीच गेले. आमीच नेऊन राहिलो आता." तेव्हा कुठे हातातली पक्कड खाली ठेवली. हसू नका, माझा स्वभावच तसा आहे. दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय मी पातेलं आत नेत नाही, आणि लग्नपत्रिका आली तर माझं नाव कुणाचं खोडून तर लिहिलेलं नाही ना, ते आधी बघतो. या पुरवणीच्या संपादकांना माझी तक्रारीची पत्रं नेहमी जात असतात. तेच म्हणाले, "इरफानभाई, सरांवर तुम्ही लिहा. तुम्ही त्यांचे लाडके गोलकीपर होता." लाडका... बरं, लिहितो. पण मी लाडका होतो की सगळ्यांत सोयीचा होतो, हाच तर माझा वीस-बावीस वर्षांचा प्रश्न आहे.

सर एका शाळेत ड्रिलमास्तर होते आणि संध्याकाळी आमचे कोच. डोक्याला ओला दुपट्टा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, गळ्यात शिट्टी. बोलायचे कमी, आणि जे बोलायचे ते खर्रा सांभाळत, त्यामुळे अर्धं आम्हाला अंदाजानेच कळायचं. बाळापूरच्या रस्त्याला त्यांच्या मेव्हण्याचं शेत होतं. उन्हाळ्यात नांगरून टाकलेल्या त्या काळ्या ढेकळांवरून ते आम्हाला पळवायचे. संध्याकाळी पायांची अवस्था अशी की घरी चप्पल घालवत नसे. मला त्यांनी गोलकीपर केलं ते माझी उडी बघून नाही, मी कुणावर विश्वास ठेवत नाही हे बघून. "गोलात असाच मानूस पायजे," ते म्हणाले, "जो सोताच्या बॅकवरही भरोसा ठेवत नाही." हे कौतुक होतं की टोमणा, ते मला तेव्हाही कळलं नाही.

एका हिवाळ्यात त्यांच्या ओसरीवर संत्र्यांची पेटी दिसली. वरूडकडच्या एका बागवाल्याचा पोरगा तेव्हा नुकताच क्लबमध्ये आला होता, चेंडू समोर आला की डोळे मिटणारा. मी मनात म्हटलं, झालं, हे असं चालतं तर! दुसऱ्या सकाळी सरांनी मला भिंतीपुढे उभं केलं आणि दोन्ही हातांनी एकदम दोन-दोन संत्री फेकायला सुरुवात केली. झेलायची, पण दाबायची नाहीत, रस निघाला तर मैदानाला एक चक्कर. आठवडाभर हे चाललं. माझे हात हलके झाले, ते त्या आठवड्यानेच. म्हणजे ती लाच असलीच तर ती माझ्याच हातावर येऊन पडत होती. तरी मी मोजून सांगतो : माझ्यावर फेकली ती फार तर अर्धी पेटी. उरलेली अर्धी कुठे गेली, ते मला अजून माहीत नाही.

आता त्यांच्या त्या पद्धतीविषयी, ज्यावरून क्लबमध्ये आजही दोन तट आहेत. ते दिवस वाईट होते. कापसाला भाव नाही, पाऊस नाही, विहिरी आटलेल्या, आणि दोन वर्षं कॉलेज केलेली खेड्यातली पोरं पोलीस भरतीच्या नावाने पहाटे डांबरी रस्त्यावर धावायची. भरतीत खेळाडूंसाठी काही जागा असायच्या. त्यासाठी प्रमाणपत्र लागायचं, आणि प्रमाणपत्रासाठी स्पर्धेतल्या मॅचच्या कागदावर नाव लागायचं, की हा मैदानात उतरला होता. पैसे घेऊन नुसती नावं चढवणारे लोक होतेच. सर म्हणायचे, "खोट्या कागदावर मी सही करनार नाही." म्हणून ते खोटं पाच मिनिटं खरं करून घ्यायचे. मॅच संपायला पाच मिनिटं उरली आणि आम्ही पुढे असलो की बाजूला बसलेल्या अशा एखाद्या पोराला उतरवायचे. पण त्याला धावता येत नाही, पास देता येत नाही, मग तो मैदानात कुठे ठेवायचा? गोलात! चेंडू तिकडे आपल्या फॉरवर्डांनी अडवून धरायचा, इकडे याने नुसतं उभं राहायचं. म्हणजे दर वेळी बाहेर कोण येणार? मी. क्लबची पोरं या बदली खेळाडूंना 'पाच मिनिटांचे गोलकीपर' म्हणत. त्यांतले कितीतरी पुढे वर्दीत गेले. आमच्या कपाटात मात्र विभागाच्या पुढचा एकही कप नाही.

मला राग यायचा, पण मी गप्प राहायचो, कारण तोवर त्या पाच मिनिटांत कुणी गोल खाल्ला नव्हता.

मग अमरावतीची ती मॅच आली. विभागीय स्पर्धेची सेमीफायनल. दोन दिवस आधी सरांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की मुंबईच्या एका सरकारी खात्याच्या संघाला गोलकीपर पाहिजे, त्यांची माणसं फायनल बघायला येणार आहेत, तुझं नाव मी त्यांच्या कानावर घातलं आहे. नोकरी, क्वार्टर, आणि रोज खऱ्या गवतावर सराव! मी घरी येऊन अम्मीला सांगितलं, तर तिने त्याच संध्याकाळी शेजारी शिरखुर्मा वाटला. ईद नसताना.

सेमीफायनलला आम्ही एका गोलने पुढे होतो. मी दोन सोपे आणि एक अवघड चेंडू अडवले होते, हात तापले होते, आता काही आत जात नाही असं अंगाला कळत होतं. आणि चार मिनिटं उरली असताना सरांनी हात वर केला. बाजूला गजानन उभा. बाळापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला, शांत, उंच, पाय जमिनीला चिकटल्यासारखा खेळणारा. त्याचा बाप त्याच वर्षी गेला होता. कसा गेला, ते त्या वर्षांत कुणी कुणाला विचारत नसे. मी बाहेर यायला तयारच नव्हतो. रेफरीने शिट्टी वाजवली. सर एवढंच म्हणाले, "ग्लोव्ह्ज दे त्याले." क्लबकडे एकच जोडी होती. मी ती काढली आणि गजाननच्या हातात दिली नाही, जमिनीवर टाकली. त्याने वाकून उचलली.

दोन मिनिटांनी त्यांच्या बॅकने नुसता वैतागून लांबून चेंडू उडवला. गजानन सांगितल्याप्रमाणे हात वर करून उभा होता. चेंडू त्याच्या पुढे पडला, उसळला, त्याच्या हातांवरून आत गेला. बरोबरी. मग पेनल्टी, आणि एकदा बाहेर आलेल्याला परत उतरता येत नाही. त्यांचे पाचही चेंडू आत गेले. फायनल दुसऱ्यांनी खेळली, आणि त्या मुंबईच्या माणसांनी समोरच्याच संघाचा गोलकीपर उचलला. येताना एसटीत सर पुढच्या सीटवर गजाननच्या शेजारी बसले होते. मागे वळून त्यांनी एकदाही बघितलं नाही. अम्मी म्हणाली, "वो उनका अपना है बेटा, तू कौन?" मी तिच्यावर ओरडलो. कारण मागच्याच वर्षी बाळापूरच्या एका सतरंजी विणणाऱ्याच्या पोरासाठी, आमच्याच जातभाईसाठी, सरांनी मला असंच काढलं होतं. तेव्हा अम्मीचं म्हणणं टिकण्यासारखं नव्हतं. तरी लाज वाटते सांगायला, सगळ्यांत जास्त दिवस माझ्या मनात राहिलं ते तिचंच वाक्य.

मी क्लब सोडला आणि अब्बांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात बसलो. तेव्हा दुकान जोरात होतं. लाइट येई ती मरतुकडी, खेड्याखेड्यांतल्या मोटरी जळत आणि पोत्यात बांधून आमच्याकडे येत. शेतकऱ्यांच्या वाईट वर्षांवर आमची चूल पेटत होती, हे मला तेव्हा दिसत नव्हतं असं नाही, मी बघत नव्हतो. सर कधी कधी कुणातरी शेतकऱ्याला घेऊन यायचे. "कसं चालू हाये?" "चालू आहे, सर." बस, एवढंच. वर्षानुवर्षं एवढंच. एकदा मात्र एका लग्नात पंगतीच्या आधी मी त्यांना गाठलं आणि विचारलं, "सर, त्या दिवशी मलाच का?" त्यांनी खर्रा थुंकला, तोंड पुसलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "तुयं दुकान हाये ना बावा." आणि जेवायला बसले. माझं अख्खं आयुष्य त्या माणसाने पाच शब्दांत उरकलं होतं. मी न जेवता निघून आलो. त्या दिवसापासून मी पक्कं धरून चाललो की यात काहीतरी देणंघेणं आहे. संत्री असतील, धान्य असेल, कुणाचा शब्द असेल, पण आहे.

शोकसभा एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. माणसं खूप आली होती, त्यांत वर्दीतली बरीच. कुणी सरांना बाप म्हणालं, कुणी देव. मागच्या रांगेत आमच्या वेळचा सेंटर हाफ कानात कुजबुजला, "देव होता, पन टीमची वाट लावली." मला बोलायला बोलावलं, मी मानेनेच नको म्हटलं. बाहेर पडताना दारात एका उंच माणसाने माझे दोन्ही हात धरले. केस पिकलेले, पोट आलेलं. गजानन. अमरावतीला पोलिसात हवालदार आहे. "इरफानभाऊ, तुमाले भेटाचं होतं किती दिवसापासून," तो म्हणाला. मी त्याला चपलांच्या ढिगापासून बाजूला नेलं, आणि इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं विचारून टाकलं.

"गजानन, खरं सांग. त्या मॅचला उतरवायचं सरांनी तुझ्याकडून काय घेतलं होतं?"

"घेतलं? मायाकडून?" मग हळूच म्हणाला, "काऊन असं विचारून राहिले भाऊ? तुमीच त हो म्हनलं होतं."

मी म्हटलं, "काय?"

आणि मग त्याने सांगितलं. त्या स्पर्धेच्या पहिल्या मॅचला, जिथे आम्ही चार गोलांनी पुढे होतो, तेव्हाच त्याला उतरवायचं ठरलं होतं. पण त्या दिवशी तो कापसाची गाडी घेऊन बाजारात अडकला, नंबरच लागला नाही. सेमीफायनलला सर "चाल, उतर" म्हणाले तेव्हा तो तयार नव्हता. "मी म्हनलं सर, उद्या इरफानभाऊले पाहाले मानसं येऊन राहिले, मी त्यायच्या जागी नाही उतरत. तं सर म्हने, मी विचारलं त्याले. तोच म्हने का गजाले उतरवा, मायं दुकान हाये." गजाननने माझे हात पुन्हा धरले. "तुमी ग्लोव्ह्ज खाली टाकले तवा मले वाटलं, तुमाले रडू येऊन राहिलं म्हनून हातात नाही दिले. मी गोल खाल्ला, तुमचं वाटोळं केलं, तरी तुमी कधी एक शबूद बोलले नाही. घरी पोरायले सांगतो मी तुमचं. माया मायचीही लय दुवा हाये तुमाले." आणि तो थांबला... मी काहीतरी बोलावं म्हणून.

मी म्हणालो, "हो. विचारलं होतं सरांनी."

का म्हणालो, मला ठाऊक नाही. तोंडातून निघून गेलं. सत्य पाहिजे म्हणून वीस वर्षं ज्याने झोप घालवली, त्याने ते हातात आल्याबरोबर खोटं बोलून मोकळं व्हावं! घरी येईपर्यंत मी स्वतःवरच चरफडत होतो.

सरांनी गजाननकडून काही घेतलं नाही, हे मी आता मानतो. माझ्याकडून घेतलं. नोकरीचं एक वेळ जाऊ द्या, ती मिळालीच असती असं कुठे लिहून ठेवलं होतं? पण त्यांनी माझा होकार मला न विचारता घेतला आणि तो दुसऱ्याला देऊन टाकला, त्याला ओझं होऊ नये म्हणून. चार पावलांवर तर मी उभा होतो. का विचारलं नाही? मी हे सगळ्या बाजूंनी उलटून बघितलं, माझ्यासारखा माणूस दुसरं काय करणार, आणि दर वेळी एकाच जागी येऊन थांबतो : त्यांना माझं उत्तर माहीत होतं. माणूस चांगला ओळखायचे. कोच म्हणून ते कसे होते असं कुणी विचारलं तर मी एवढं नक्की सांगेन. देव म्हणणार नाही, चोरही म्हणवत नाही. दोन्ही नाकारलं म्हणून क्लबचे दोन्ही तट माझ्यावर उठतील, ते उठू देत.

गजानन, ही पुरवणी दर रविवारी तुझ्या घरी येते, असं तू म्हणालास. म्हणजे हे तू वाचशील. सभेच्या दारात मी तुझ्याशी खोटं बोललो. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. तुझा बाप गेलाय हे माहीत असून नाही म्हटलं असतं. ग्लोव्ह्ज मी रागाने टाकले होते, रे. तुला रागाने नोकरी मिळाली की मायेने, त्याने तुझ्या भाकरीला काही होत नाही, ती तू खाल्लीस ती तुझीच आहे. पोरांना गोष्ट सांगायची तर आता अशी सांग. आणि तुला वाटलं की जुनीच बरी, तर जुनीच सांग... तिच्यातला इरफान माझ्याहून चांगला माणूस आहे, आणि तो सरांनी घडवलेला आहे.