पाठीला लावलेला कान
धाकट्या भावाला कारखान्यात परत मी धाडले, असे पुतणे सांगतात. ते साफ खोटे आहे. बाहत्तरच्या सुमारास मी श्रीगोंद्याच्या एका दवाखान्यात काचपट्टीवर रक्त तपासत असे. उसाच्या चिपाडांच्या धुळीत काम करून भावाला दमा जडला होता. औषधाने धाप थांबली; पण त्याच्या रक्तात इओसिनोफिल पेशी अजून फार होत्या. फुप्फुसांची सूज उतरलेली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. मी वडिलांना अहवाल दिला.

त्यांनी भावाच्या पाठीला कान लावला. “शिट्टी वाजत न्हाई. आजार याच्या छातीत हाय, का तुझ्या काचेत?”

दुसऱ्या सकाळी त्यांनीच त्याला कामावर पाठवले. त्याच हंगामात धाप लागून तो गेला. पुतण्यांनी आधी आपल्या आजोबांच्या कानाला जाब विचारावा.