पंकजचे अडतीस किलो

"तुमच्या दोन्ही किडन्या मिळून जेमतेम आठ टक्के काम करतायत," डॉक्टर म्हणाले.

मी त्यांना विचारलं, "सोमवारी शाळेत जाता येईल ना? सहामाहीचे पेपर तपासायचेत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याऐवजी माझ्या नवऱ्याकडे, संजयकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की हे साधं नाही.

मी चेन्नईतल्या एका शाळेत हिंदी शिकवते. संजय इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. आम्ही मूळचे कऱ्हाडचे, बारा वर्षांपासून वेस्ट मांबलममध्ये राहतो. पाय सुजायचे, ते मी इथल्या उकाड्यावर ढकललं. दम लागायचा, तो तीन जिन्यांवर ढकलला. ब्लड प्रेशरची गोळी मात्र आठवण झाली तरच घ्यायची. तुमच्यापैकी कोणी असं करत असेल, तर आजच क्रिएटिनिन तपासून घ्या. रक्तातला हा कचरा किडनीने बाहेर टाकायचा असतो. तो वाढला म्हणजे किडनी मागे पडली. तपासणी साधी रक्ताचीच असते.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. शरीरातलं रक्त नळीने बाहेर काढून यंत्रात गाळायचं आणि परत आत सोडायचं. एका वेळेला चार तास. दिवसभरात एक लिटर पाणी, त्यातच चहा, ताक, आमटी सगळं आलं. शहाळं तर अजिबात नाही, कारण त्यातलं पोटॅशियम माझ्यासाठी विष. आणि आजारी माणसाला भेटायला येणारा इथला प्रत्येक जण हातात शहाळं घेऊनच यायचा.

डॉक्टरांनी ट्रान्सप्लान्टचा, म्हणजे दुसऱ्याची किडनी बसवण्याचा विषय काढला. संजयचा रक्तगट जुळेना. कऱ्हाडला असलेल्या आईला पंधरा वर्षांपासून मधुमेह. उरला माझा धाकटा भाऊ, पंकज.

पंकज तेव्हा चौतीस वर्षांचा होता. शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, तिथेच भाड्याने फ्लॅट, लग्न नाही. वजन एकशे सव्वीस किलो. आमच्या घरात त्याच्या खाण्यावर विनोद करण्याची पद्धतच होती आणि त्यात मी पुढे. "तुझ्या मनावर ताबा नाही आणि अंगात आळस भरलाय," हे माझं ठरलेलं वाक्य.

त्याचा रक्तगट जुळला. क्रॉस-मॅचही जमलं. क्रॉस-मॅच म्हणजे माझं रक्त त्याच्या पेशींवर तुटून पडणार नाही ना, हे आधी पाहणं. आम्ही आनंदाने डॉक्टरांच्या खोलीत गेलो. त्यांनी रिपोर्ट चाळले आणि नकारार्थी मान हलवली.

"याची किडनी मी घेणार नाही. वजन जास्त, यकृतावर चरबी, साखर काठावर. आज याची एक किडनी काढली, तर पुढे हाच डायलिसिसला येईल. नव्वदच्या खाली या, मग बोलू."

"किती दिवसांत?" पंकजने विचारलं.

"घाई नको. एक वर्ष लागेल, कदाचित जास्त." मग ते म्हणाले, "हे मी बऱ्याच जणांना सांगतो. परत येणारे थोडे."

बाहेरच्या बाकावर मी त्याला म्हटलं, "सोड रे. मृत व्यक्तीच्या किडनीसाठी नाव नोंदवू. मिळेल कधीतरी." मला तो परत येणाऱ्यांतला वाटला नव्हता. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं आहे.

सुरुवातही वाईटच झाली. त्याने एकवेळ जेवण सुरू केलं. अकराव्या दिवशी ऑफिसात चक्कर येऊन पडला. डॉक्टरांनी त्याला झाप झाप झापलं. "मला उपाशी डोनर नकोय, निरोगी हवाय," म्हणाले आणि त्याला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

बाईंनी त्याच्याकडून आठ दिवसांचं खाणं लिहून घेतलं. तो दुपारी ऑफिसजवळच्या मेसमध्ये केळीच्या पानावर जेवायचा. सांबार-भात, रसम-भात, ताक-भात, आणि प्रत्येक फेरीला वाढपी भाताचा डोंगर घालायचा. बाईंनी मेस सोडायला सांगितलं नाही. त्यांनी भात एक वाटी केला, भाजी आणि कूटू, म्हणजे डाळ घालून केलेली भाजी, दुप्पट केली, रात्री दोन अंडी किंवा पनीर. पाच वर्षं चेन्नईत राहून पंकजला तमिळचे मोजकेच शब्द येत होते. त्यात 'पोदुम'ची भर पडली. पोदुम म्हणजे पुरे. वाढपी दोन-तीनदा दचकला म्हणे, मग त्यालाच सवय झाली.

व्यायाम म्हणजे चालणं. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं. इथे सकाळी सातलाच अंग निथळतं, त्यामुळे तो साडेपाचला स्कूटर काढून समुद्रावर जायचा आणि ओल्या, घट्ट वाळूवरून चालायचा. मांड्या घासून सोलून निघाल्या. गुडघे सुजले. त्याने खोबरेल तेल लावलं, सायकलवाले घालतात तशा घट्ट चड्ड्या आणल्या आणि पुन्हा गेला. तिसऱ्या महिन्यात स्कूटर घरी राहू लागली. तो फ्लॅटपासून समुद्रापर्यंत चालत जायला आणि यायला लागला. पुढे आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलायला सुरुवात केली.

दर शनिवारी माझ्या डायलिसिसला यायचा. माझ्या हातात सुया टोचलेल्या असायच्या, हा शेजारी बसून डब्यातल्या काकड्या खायचा. आकडा मी विचारला तरच सांगायचा. एकशे अठरा. एकशे नऊ. एकशे एक.

सत्त्याण्णवला गाडी अडली. सात आठवडे काटा हलेना. आणि त्याच दिवसांत मला डायलिसिसमधून जंतुसंसर्ग झाला. थंडी वाजून ताप, दात वाजत होते, नऊ दिवस आयसीयू. पंकज डॉक्टरांच्या खोलीत गेला तो थेट म्हणाला, "सात किलोंसाठी काय थांबायचं? आत्ता घ्या."

संजय तिथे होता. त्याने मला नंतर सांगितलं. डॉक्टर उठले, पंकजच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या ताईला मी सांभाळतो. तू तुझं काम कर. घाई केली तर माझ्याकडे दोन पेशंट होतील."

त्या संध्याकाळी पंकजने दोन प्लेट बिर्याणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी हे त्याने आपण होऊन आहारतज्ज्ञ बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "बिर्याणी एका दिवसाची. रोजचं काय चुकतंय ते शोधू," म्हणाल्या. शोधल्यावर सापडली ती फिल्टर कॉफी. ऑफिसात दिवसातून सहा वेळा, दूध-साखर घालून. ती एकावर आली. तीन आठवड्यांनी काटा हलला.

मी आयसीयूतून घरी आले तेव्हा आईचा कऱ्हाडहून फोन आला. "अगं, फोटोत किती वाळलाय पोर! त्याला काहीतरी खाऊ घाल." मग तीच रडायला लागली. "तुला बरं वाटावं म्हणून त्याला कापायचं. एकाच दिवशी माझी दोन्ही लेकरं टेबलावर. मी कुणासाठी देवापुढे बसू?" मला भेटायला आलेल्या पंकजने फोन माझ्या हातातून घेतला. "आई, दोघांसाठी बस. वेळ भरपूर आहे तुझ्याकडे," म्हणाला. आई रडता रडता हसली.

चौदाव्या महिन्यात तो अठ्ठ्याऐंशीवर आला. अडतीस किलो. त्याच्या सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिले. यकृतावरची चरबी गेली होती, साखर नॉर्मल होती. ते पंकजला म्हणाले, "तुझी बहीण आजारी पडली नसती, तर पाच वर्षांनी तूही पेशंट म्हणून इथे आला असतास. माहीत आहे ना?"

किडनी देणाऱ्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना, हे पाहायला हॉस्पिटलची समिती असते. ती त्याच्याशी एकट्याशी बोलते. त्याला विचारलं, "हे तुम्ही मनापासून करताय, कशावरून?" त्याने गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यावर जुना फोटो होता. समितीतल्या बाईंनी फोटो पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं आणि कागद सहीसाठी पुढे ओढला.

ऑपरेशन नीट झालं. किडनीने टेबलावरच काम सुरू केलं, असं सर्जन म्हणाले. माझं क्रिएटिनिन आठवड्यात दीडवर उतरलं. यापुढे जन्मभर गोळ्या आहेत. त्या माझ्या शरीराला परकी किडनी नाकारू देत नाहीत, म्हणून संसर्गाची भीतीही कायमची. पण मी घरी आहे, जिना चढते आहे.

ज्यांच्या घरी असा आजार आला आहे, त्यांना एकच सांगते. आपल्या माणसाबद्दल 'त्याला जमणार नाही' हे आधीच ठरवून टाकू नका. मी चौतीस वर्षं पाहत होते तो माझा भाऊ मला पुरता माहीत नव्हता. सोललेल्या मांड्यांनी वाळूवर पुन्हा उभा राहणारा, बिर्याणी खाल्ली हे न लपवणारा, सात आठवडे हट्टून बसलेल्या काट्यावर रोज चढणारा हा माणूस आमच्याच घरात वाढला आणि आम्ही त्याच्यावर विनोद करत बसलो.

घरी आल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, मास्क लावूनच, मी त्याला म्हटलं, "मी तुला आयुष्यभर आळशी म्हटलं. माझं चुकलं."

"होतोच की मी आळशी," पंकज म्हणाला, आणि हसायला गेला तर टाके ओढले म्हणून पोट धरून खाली बसला.

त्याचं ते तोंड पाहून मलाही हसू आलं. माझेही टाके दुखले. मीही पोट धरून त्याच्या शेजारी बसले.