तिथीची पाऊणपट

"खाजण" हा शब्द मी सासरी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि मनापासून विचारलं, "तेथं अंग खाजते का वो?"

माझं माहेर समुद्राकाठचं. समुद्र आणि गाव यांच्यामध्ये वाळूचा एक लांब दांडा आहे. त्या दांड्याच्या आत जे खारं पाणी पसरलेलं असतं, त्याला आम्ही खाजण म्हणतो. आता तिथं पर्यटक येतात, छोट्या होड्या स्वतः वल्हवतात, सायकली घेऊन फिरतात. सासरी, कोंढ्याजवळच्या आमच्या खेड्यात मात्र पाणी म्हणजे तलाव, नाहीतर बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं, नाहीतर वैनगंगा. चौदा वर्षं समजावूनही घरात माझ्या माहेराला 'वहिनीचा खाजरा तलाव' हेच नाव राहिलं. मीही पुढे पुढे तेच म्हणायला लागले.

या वर्षी धानाची मळणी आटोपली आणि नणंदबाईंनी ठरवलं की आपण तिघींनी चार दिवस त्या तलावावर जायचं. त्या लाखांदूरला नर्स आहेत. माझा नवरा गुरांपाशी थांबणार होता. नणंदबाईंची एकच अट होती. "नुसतं देवदर्शन अन् फोटो नाई काढाचे. हातपाय हलवाचे. बसून त आपन घरी बी रायतो."

दवाखान्याच्या जुन्या डायरीचं एक पान फाडून त्यांनी सगळं लिहून आणलं. पहिल्या दिवशी पोचणं आणि आराम. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला होडी, दुपारी सायकली. तिसऱ्या दिवशी वाळूच्या दांड्यावरून समुद्राच्या तोंडापर्यंत चालणं. चौथ्या दिवशी गाडी. सगळं मोबाइलवर बघून, बुकिंग करून, रजा मंजूर करून. मी ते पान चुलीशेजारी उभी राहून तीनदा वाचलं. इतकं सुबक काही मला कधी करता आलं नसतं. मी नववीत शाळा सोडली आणि कोळंबी सोलायच्या शेडमध्ये बसले, त्यानंतर कागदावर लिहिलं ते रेशनच्या अर्जापुरतंच.

"मले कोनी बसवून नेलं त मी नाई येत," सासूबाई म्हणाल्या. "वल्हं माह्या हातात पायजे."

हे त्या बोलण्यासाठी बोलल्या नव्हत्या. चौसष्टाव्या वर्षी त्या अजून गावतलावात उतरल्या की कमळांपर्यंत पोहून जातात आणि परत येतात, आणि काठावर येऊन काहीच झालं नाही अशा थाटात लुगडं पिळतात. लहानपणी त्यांच्या माहेरी नदीत डोंगा होता, एकाच झाडाचं खोड कोरून केलेला. तो त्या एकट्या पलीकडे न्यायच्या. ते माहेर आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. डोंग्याचं त्या सांगतात, गावाचं फारसं सांगत नाहीत.

आणि मी समुद्रावरची. माझे वडील तरीवर होते, म्हणजे माणसांना होडीनं खाजणापलीकडे पोचवायचे. पण मुलींनी वल्ह्याला हात लावलेला त्यांना चालत नसे. मला पोहताही येत नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात हे घरात कळलं तेव्हा शेजारच्या बायका हसून हसून लोळल्या. सासूबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी रिकामा डबा माझ्या कमरेला बांधला आणि मला बोडीत नेलं. मी ओरडायचे, त्या हाताखाली हात धरून म्हणायच्या, "पानी तुले ढकलून नाई राहिलं, तूच पान्याले ढकलून राहिली." त्या एका उन्हाळ्याचं माझ्यावर जे ऋण आहे ते मला आजवर त्यांना नीट सांगता आलेलं नाही.

म्हणून त्यांची ती होडी माझ्या डोक्यात बसली. नणंदबाई लाखांदूरला परत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सासूबाई भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभ्या राहिल्या. "होडीच्या दिवशी संकष्टी येऊन राहिली," त्या म्हणाल्या. "चालते. उपाशी पोटानं हात हलका रायते."

संकष्टी म्हणजे चतुर्थी. माझ्या मनात आपोआप हिशेब झाला.

वडिलांकडून मी एकच गोष्ट शिकले होते. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढे वाजता पाणी पूर्ण भरतं, दिवसाही आणि रात्रीही. पौर्णिमेनंतर आणि अमावास्येनंतर पुन्हा एकापासून मोजायचं. चतुर्थी म्हणजे चार. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, म्हणजे नऊला ओहोटी. नऊ वाजता आमच्या काठाला पाणी नसतं. चिखल असतो, त्यात खेकड्यांची भोकं असतात आणि आडव्या पडलेल्या होड्या.

मी कुणाला काही बोलले नाही. दोन दिवस बोलले नाही. नणंदबाई शिकलेल्या, त्यांनी सगळं बघून केलं होतं. मी नववी नापास न होता नुसतीच सुटलेली. चौदा वर्षांत मी पाऊणपट एकदाही वापरली नव्हती; कदाचित ती अर्धपट असेल, कदाचित आता तिथं बांध घातला असेल. आणि बोलले तर बेत मोडेल, रजा वाया जाईल, मग सहा वर्षांनी दिसणारं माहेर राहून जाईल. पण नाही बोलले तर? होडीची तेवढी एकच वेळ होती. सासूबाई लाइफ जॅकेट घालून काठावर उभ्या राहतील, चिखलाकडे बघतील आणि म्हणतील, चला, पाहून त झालं. त्या कुरकुर करत नाहीत, हेच मला सहन होईना.

रविवारी नणंदबाई एसटीनं आल्या. अंगणात आम्ही लाखोरीची भाजी खुडत बसलो होतो.

"ताई," मी म्हटलं, "नऊला पाणी नसेल."

"काहून? आटते का?"

"ओहोटी असते. पाणी मागे जातं."

सासूबाईंनी मान वर केली. "कोन सोडते? गेट कोन खोलते तेथं?"

त्यांची चूक नव्हती. आमच्या भागात पाणी आपलं आपण खाली जात नाही. धरणाचं दार कुणीतरी उघडतं, त्याआधी भोंगा वाजतो, नदीकाठी दवंडी होते.

"कोणी नाही, माय. ते चंद्रावर असतं."

"चंद्रावर आफिस हाय का त्यायचं?" नणंदबाई म्हणाल्या, पण हात थांबला होता त्यांचा. "नीट सांग, वहिनी."

मी सांगितलं. अडखळत, दोनदा मागे जाऊन. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. पेशंटचं ऐकतात तसं ऐकलं आणि मग बोटांवर मोजलं. "चार. पाऊणपट तीन. तीनले फुल, नऊले खाली." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कधीपासून माहीत हाय तुले?"

"शुक्रवारपासून."

"अन् आज सांगून राहिली."

त्यांनी तिथंच होडीवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. "नमस्कार. आम्ही तीन जनी येऊन राहिलो चतुर्थीले."

"कधी राहिलात?" तिकडून आवाज आला. "माझ्याकडे तर नोंद नाही राहिल्याची."

"राहिलो नाई, येऊन राहिलो."

"तेच विचारतोय, कुठे राहिलात?"

सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. शेवटी मी फोन जवळ घेतला आणि म्हटलं की येणार आहोत, अजून यायच्या आहोत. मग नणंदबाईंनी नऊचं विचारलं. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज झाला.

"चतुर्थी का? नाही हो. नवाला गुडघाभर चिखल. बुकिंग मोबाइलवर होतं, त्याला तिथी कळत नाही. मी आदल्या दिवशी फोन करणारच होतो. दीडला या. पाणी चढतं असेल, वल्ह्याला हलकं पडेल. चारच्या आत आणतो."

"दुपारी वारा सुटतो," माझ्या तोंडून गेलं.

"दांड्याच्या आडून नेईन. तुम्ही इकडच्या काय?"

"हो. तरीवाल्यांची मुलगी."

"मग मला कशाला विचारताय?" तो म्हणाला.

फोन बंद झाला. सासूबाई भाजीतल्या काड्या वेगळ्या करत होत्या. मग म्हणाल्या, "तुह्या माहेरचं पानी येते अन् जाते. माह्या माहेरचं आलं, ते गेलंच नाई." एवढं बोलून त्यांनी पुढची जुडी उचलली.

नणंदबाईंनी आपलं सुबक पान चुरगाळलं आणि कोरं पान पेनासकट माझ्या मांडीवर ठेवलं. "लिही. मले फक्त रेल्वेचं कळते, पान्याचं तुले."

मी लिहायला घेतलं. दुसरा दिवस, चतुर्थी, सायकली सकाळी सातला, होडी दुपारी दीडला. तिसरा दिवस, पंचमी, भरती पावणेचारला, म्हणून दांड्यावर चालणं सकाळी साडेआठनंतर, ओली वाळू घट्ट असते तेव्हा. पान भरेपर्यंत नणंदबाई शेजारी बसून राहिल्या, अक्षराला हसल्या नाहीत. मग त्यांनी पानाचा फोटो काढला आणि होडीवाल्याला पाठवला.

"वाचून दाखव," सासूबाई म्हणाल्या. मी वाचलं. दीडपाशी त्यांनी थांबवलं. "होडीत किती जन बसते?"

"दोघं. दोघांनाही वल्हं असतं."

"दुसरं कोनाचं?"

मी नणंदबाईंकडे पाहिलं. त्यांनी हात वर केले. "मले एसटीत बी चक्कर येते. मी काठावरून पाहीन."

"मला धरता येत नाही वल्हं, माय."

"मी समोर बसतो," सासूबाई म्हणाल्या, "तू मांगून पाय, मी कशी मारतो. लिही तुहं नाव."

मी लिहिलं.