एकाहत्तर हजार मैल

हळद लागत होती आणि नवरदेवाच्या हातात मोबाइल होता. किशोर शेडगेनं हळदीच्या बोटांनीच तीन-चारदा पडदा वर सरकवला. मग काच अशी माखली की तिच्यावरचं काहीच दिसेना.

"ठिव की रं ते बाजूला," त्याची आई अंबाबाई म्हणाली. "कुणाचं एवढं बघतुयास?"

"कामाचं हाय," म्हणून किशोरनं फोन मांडीखाली सरकवला. अंबाबाईला ते पटलं नाही. उद्या अक्षता पडायच्या आणि पोरगं चोरून फोनमध्ये बघतंय, म्हणजे कुठं दुसरीकडं गुंतलंय की काय, अशी पाल तिच्या मनात चुकचुकली. तिनं ती कुणाला बोलून दाखवली नाही, पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

किशोर बघत होता त्या विमानातल्या जागा.

पौडच्या पुढं मुळशीकडं जाताना माले गाव लागतं, तिथं शेडग्यांची थोडकी भातशेती. वडील कुशाबा, किशोरचे आबा, ती करत. किशोर पिरंगुटच्या एका कारखान्यात नोकरीला होता. चहा, मसाला, पोहे, साबणचुरा, जे काही पाकिटात भरायचं ते भरणारी मशीनं तिथं बनत, आणि ती देशभर नेऊन बसवून द्यायचं काम किशोरकडं. सहा वर्षं तो सारखा विमानानं फिरत होता. तिकीट कंपनी काढायची, पण जेवढा प्रवास होई तेवढे मैल विमानवाले प्रवाशाच्या नावावर जमा करत. ते साठले की त्यावर फुकट तिकिटं मिळत. किशोरच्या नावावर एकाहत्तर हजार मैल साठले होते.

त्या जोरावर साखरपुड्यात तो सृष्टीला बोलून गेला होता, "लग्नानंतर तुला विमानानं नेणार." सृष्टी कासार आंबोलीच्या दादासाहेब ढमाल्यांची मुलगी. पौडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. रडणाऱ्या पोराची शीरही तिला पहिल्या टोचणीत सापडते, असं तिचं नाव होतं. तिच्या घरात कुणी विमान आतून बघितलेलं नव्हतं. तिनं किशोरचं ते बोलणं वडिलांना सांगितलं आणि दादासाहेबांनी आठ दिवसांत सगळ्या आंबोलीला सांगितलं, तेही वर एक पायरी चढवून. "जावई शिंगापूरला नेतोय पोरीला."

किशोरनं शिंगापूरचं नाव काढलं नव्हतं. पण सासऱ्याला खोटं कसं पाडायचं? त्यातच विमानवाल्यांचा मेल आला. एकतीस मार्चच्या आत वापरले नाहीत तर सगळे मैल बाद. आणि कारखान्यात तिकिटं काढून देणाऱ्या दयानंदनं भर घातली. "हे बघ, देशातल्या देशात उडवलेस तर माती केलीस. बाहेर जा. एवढे मैल परत आयुष्यात साठायचे न्हाईत."

त्या वाक्यानं किशोरचा घात केला. शिंगापूरच्या जागा होत्या, पण सृष्टीकडं पासपोर्ट नव्हता. लग्न होऊन नाव बदलणार, पोलिसांची चौकशी होणार, मार्चच्या आत कसं जमणार? मग त्यानं अंदमान धरलं. तिथं जाताना दोन जागा दिसत होत्या, येताना एकच. काश्मीरला उलटं. एकदा अंदमानला दोन्ही बाजूंच्या जागा दिसल्या, पण याहून चांगलं काही मिळेल का, म्हणून तो एक दिवस थांबला. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या होत्या. लग्न फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. देवदर्शन झालं, जागरण-गोंधळ झाला, आणि त्या प्रत्येक ठिकाणी नवरदेव कोपरा गाठून जागा बघत होता. घास तोंडात फिरायचा. सृष्टी जवळ आली की तो फोन पालथा ठेवायचा, कारण तिनं 'कुठं जायचं ठरलं?' म्हणून विचारलं तर सांगायला काही नव्हतं.

सृष्टीनं विचारलं नाही. तिनं बारा दिवस बघितलं. तेराव्या दिवशी दुपारी कुशाबा आणि अंबाबाई शेतावर गेलेले असताना तिनं त्याच्यापुढं जेवायचं ताट ठेवलं आणि समोर बसली.

"कोण हाय ती?"

"कोण?"

"जिचं दिवसभर बघत बसता. मी आले की फोन पालथा पडतो. सांगून टाका. मी आज दादांकडं जाते, तमाशा न्हाई करायची."

आवाज शांत होता, पण पदराचं टोक तिनं बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. किशोरला आधी काही समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यानं घाईघाईनं फोन उघडून तिच्या हातात दिला. पडद्यावर विमानातल्या रिकाम्या चौकोनांची रांग होती.

"हे बघत होतो."

सृष्टीनं ते चौकोन बोटानं सरकवून बघितले. मग तिला हसू आलं, आणि हसता हसताच डोळ्यांना पाणी आलं, आणि मग ती चिडली. "बारा दिवस मी भलतंच धरून बसले हाय. आईंनासुदा तेच वाटतंय, त्या माझ्याशी नीट बोलंनात. जागा बघत होता तर सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? ठरतच न्हाई." आणि मग किशोर बोलायलाच लागला. शिंगापूर, पासपोर्ट, अंदमानच्या गेलेल्या जागा, दादासाहेब, दयानंद. सृष्टी ऐकत ऐकत फोन खाली सरकवत होती. खाली त्याच्या सहा वर्षांच्या प्रवासाची यादी होती, तारखेसकट.

"ही चौदा ऑक्टोबर. जोरहाट," ती म्हणाली.

"आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं त्या दिवशी. मी तिकडं आसामात चहाच्या कारखान्यात मशीनखाली उताणा पडलो होतो."

"आणि हे? कोइमतूर."

"आबांचा हात मोडला तवा." तो थांबला. "ह्यातला एक बी मैल मी मजेत कमावलेला न्हाई. म्हणून भ्या वाटतं. हे असेच कुटंतरी उधळले, तर ती सहा वर्षं पण त्यातच गेली म्हणायची."

ताटातली भाकरी गार झाली होती. सृष्टीनं ती उचलून तव्यावर टाकली आणि पाठमोरीच विचारलं, "जोरहाटला तीनदा गेलाय तुमी. काय हाय तितं?"

किशोरनं आठवून बघितलं. "कारखान्याच्या गेटासमोर एक डाळभाताचं हॉटेल होतं."

"आणि?"

"नदी हाय म्हणत्यात. लई मोठी. ब्रह्मपुत्रा. विमानातनं दिसते, पण मी तवा मेल लिहीत होतो."

"मग ती बघू."

"अगं, पण तेवढ्याच मैलांत... दयानंद म्हणतोय की..."

"मला दयानंदासंगं जायचंय का?"

जोरहाटच्या दोन्हीकडच्या जागा मिळत होत्या. कोलकात्याला विमान बदलायचं, मार्चचा तिसरा आठवडा, दोघांचे मिळून साठ हजार मैल. राहिलेले अकरा हजार कशातच बसेनात आणि ते पुढं मार्चअखेर गेलेच. सृष्टीनं त्याला त्याच ताटावर, उष्ट्या हातानं तिकिटं काढायला लावली. तिला भीती होती की हात धुवून येईपर्यंत तो पुन्हा विचार करेल. मग तिनं माहेरी फोन लावला.

"दादा, शिंगापूर न्हाई. आसामला चाललोय."

पलीकडून प्रश्न आला, "लांब हाय का पन?"

"लई लांब हाय."

"मग चालतंय," दादासाहेब म्हणाले.

त्यानंतरचे दिवस किशोरला जरा बरे गेले. जेवण जायला लागलं. निघायच्या दोन दिवस आधी त्यानं सवयीप्रमाणे सगळे कागद अंथरुणावर मांडले, आणि त्याचा चेहरा उतरला. तिकिटावर त्यानं कौतुकानं 'सृष्टी किशोर शेडगे' असं घातलं होतं. तिच्या आधारकार्डावर 'सृष्टी दादासाहेब ढमाले' होतं. विमानतळाच्या दारावर तिकीट आणि कार्ड ताडून बघतात, आणि नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत, हे त्याच्याइतकं त्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

त्यानं विमानवाल्यांना फोन लावला. पाऊण तास गाणं ऐकल्यावर पलीकडच्या बाईंनी सांगितलं की मैलांच्या तिकिटावर नाव बदलता येत नाही. मात्र लग्नामुळं आडनावाचा घोळ झाला असेल, तर लग्नाचा दाखला पाठवा, अठ्ठेचाळीस तासांत कळवू. दाखल्याचा अर्ज ग्रामपंचायतीत देऊन तीन आठवडे झाले होते. तो आणायचा किशोरच्याच डोक्यातून गेला होता.

तो पंचायतीत पळाला, तर कुलूप. ग्रामसेवक मीटिंगला पौडला गेलेले. त्यानं लॅबमध्ये सृष्टीला फोन केला. सगळा घोळ सांगून तो म्हणाला, "रद्द करू या का? करतोच रद्द. मैल तरी परत मिळतील."

"कशाला बी हात लावू नका," सृष्टी म्हणाली.

ती जेवणाच्या सुट्टीत ॲप्रनवरच पंचायत समितीत गेली आणि मीटिंगच्या दाराबाहेर उभी राहिली. ग्रामसेवक चहाला बाहेर आले, तशी पुढं झाली.

"साहेब, वळखलं का? तुमची शुगर मीच काढते."

ग्रामसेवक दचकले. "काय, वाढली का?"

"न्हाई, तुमची सही पायजे."

दाखला त्यांच्या पिशवीतच होता, तयार करून ठेवलेला. त्यांनी तिथंच मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली. सृष्टीनं फोटो काढून पाठवला. किशोरनं तो पुढं विमानवाल्यांना पाठवला, आणि मग वाट बघणं सुरू झालं.

अठ्ठेचाळीस तास म्हणजे निघायच्या दिवसाची दुपार. विमान संध्याकाळचं. किशोर कामावर गेला, पण दोनदा चुकीच्या मापाचे बोल्ट काढून बसला. घरी आला की ओट्यावरून अंगणात आणि अंगणातून ओट्यावर. कुशाबांनी त्याला हटकलं, "अरं, फुकाट मिळाल्यालं तिकीट हाय. न्हाई मिळालं तर न्हाई. इतका काय जीव काढतुयास?"

"फुकाट न्हाई आबा," किशोर म्हणाला.

निघायच्या दिवशी सकाळी दहापर्यंत काही नाही. अकरापर्यंत नाही. सृष्टीनं बॅगा दारात आणून ठेवल्या आणि गाडीवाल्याला वेळेवर यायला सांगितलं. किशोर म्हणाला, "नावच बदललं न्हाई तर जाऊन काय करायचं?" ती म्हणाली, "तितल्या दारात उभं राहून भांडायचं." बारा वाजून वीस मिनिटांनी मेल आला: 'नावात दुरुस्ती केली आहे.' किशोरनं तो स्वतः वाचला, तिच्याकडून वाचून घेतला, आणि मग ओट्याच्या पायरीवर बसून राहिला. अंबाबाईनं त्याला पाणी आणून दिलं आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. लग्नानंतर असा हात पहिल्यांदाच.

विमानानं धाव घेतली तेव्हा सृष्टी खिडकीला नाक लावून बसली होती. किशोर मनात कोलकात्याच्या दोन विमानांमधला वेळ मोजत होता.

जोरहाटला तिसऱ्या दिवशी ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावर जायचं ठरलं होतं. शेवटची बोट चारला. वाटेत सृष्टीनं चहाच्या त्या कारखान्यावर गाडी थांबवायला लावली. "एवढं आलोय, तर तुमचं मशीन दाखवा."

गेटावर कुणी ओळखेल असं किशोरला वाटलं नव्हतं. पण पाकिटांच्या खोलीतले म्हातारे बरुआदा त्याला बघताच हात पसरून आले. "अरे, पूनावाले बाबू! आपकी मशीन चल रही है." मशीन खरंच चालू होतं. चहाची पाकिटं एकामागून एक खालच्या पट्ट्यावर पडत होती. सृष्टी तिथंच उभी राहिली.

"हे तुमी केलंय?"

"बसवलंय."

ती आणखी जवळ गेली. एक पाकीट उचलून तिनं बघितलं, मग दुसरं. "ह्याचं तोंड नीट चिकटलेलं न्हाई."

बरुआदांनी मान हलवली. महिनाभर तसंच होत होतं, दर दहातलं एक. किशोरनं घड्याळात बघितलं. अडीच. त्यानं बाह्या वर केल्या आणि फरशीवर पाठ टेकून मशीनखाली सरकला. सृष्टी बॅटरी धरून बाजूला बसली.

"किती वाजले?" थोड्या वेळानं आतून त्यानं विचारलं.

"बक्कळ वेळ हाय."

"बोट चुकंल."

"न्हाई चुकत. तुमी करा."

तो बाहेर आला तेव्हा हातभर ग्रीस होतं आणि पाकिटं एकसारखी पडत होती. बरुआदांनी सलग पन्नास तपासली. एकही उघडं नव्हतं. किशोरनं घड्याळ बघितलं. चार वाजून गेले होते.

"तू तर म्हणालीस..."

"म्हणाले. खरं सांगितलं असतं, तर तुमी अर्ध्यातनं उठला असता. मग माजुलीत बसून पाकिटांची काळजी केली असती."

कारखान्यातला चहा पिऊन ते तरीही घाटावर गेले. बोट कधीच गेली होती. ऊन कलत होतं आणि समोर नदी होती. पलीकडचा काठ कुठं आहे ते काही किशोरला दिसेना. सृष्टी चपला हातात घेऊन पाण्यापर्यंत उतरली. तो वाळूवर बसला आणि बराच वेळ बसून राहिला.

सकाळची पहिली बोट किती वाजता, हे त्यानं निघताना घाटावरच्या माणसाला विचारलं. गाडीपर्यंत गेल्यावर परत येऊन पुन्हा एकदा विचारलं.