आठ दिवसांच्या दशम्या

कुरुंद्याच्या सत्यभामाबाई परदेशी निघाल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत कपड्यांपेक्षा दशम्या जास्त होत्या. दुधात कणीक मळून, खरपूस भाजून, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या चाळीस दशम्या. सोबत शेंगदाणे आणि गूळ. थोरल्या जाऊबाई चंदाबाई शेजारी बसून राखण केल्यासारख्या बघत होत्या.

"दिवसाला पाच धर. आठ दिवस पुरतेत बराबर," चंदाबाई म्हणाल्या. "पान्याचं आता कोन एवढं धरतंय, पन घास नको. लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं अन्न आपल्याला न्हाई."

चंदाबाई हे नुसतं दुसऱ्याला सांगत नव्हत्या. त्यांची कोमल जवळा बाजारला दिलेली. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दर आठवडी बाजाराला चंदाबाई लेकीच्या ओट्यावर बसत, तांब्याभर पाणी पीत आणि परतताना बसस्टँडवर स्वतःची भाकरी सोडत.

सत्यभामाबाईंची राधिका मात्र समुद्रापलीकडे होती. मलेशियातल्या पिनांग नावाच्या बेटावर ती आणि तिचा नवरा प्रज्ञेश कॉम्प्युटरचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होते. लग्नाला सहा वर्षं झाली होती. "माय, ये ना," असं ती दरवर्षी म्हणायची आणि नवऱ्याच्या मागे तीन एकर हळद एकटीने सांभाळणाऱ्या सत्यभामाबाई दरवर्षी म्हणायच्या, "हळद शिजली की येते." यंदा एप्रिलात हळद शिजली, वाळली, वसमतच्या मोंढ्यात विकली गेली. प्रज्ञेश ऑफिसच्या कामाला हैदराबादला आला होता. जाताना तो सासूबाईंना घेऊनच गेला.

राधिकाने आईसाठी काठाचं स्टीलचं ताट आणून ठेवलं होतं. पहिल्या संध्याकाळी तिने तीन ताटं मांडली. सत्यभामाबाईंनी आपलं गाठोडं सोडलं आणि दशमी हातावर घेऊन जावयाच्या शेजारी बसल्या. काठाचं ताट राधिकाने उचलून पुन्हा फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

चौथ्या दिवशी सकाळी गाठोडं सोडलं, तर दशम्यांवर हिरवट लव आली होती. सत्यभामाबाईंनी एकेक उलटून पाहिली. कुरुंद्याच्या कोरड्या उन्हात दशमी आठ दिवस टिकते, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. इथं हवाच ओल्या फडक्यासारखी होती, हे त्यांच्या हिशेबात आलंच नव्हतं. त्यांनी गाठोडं गुपचूप कचऱ्याच्या डब्यात तळाशी घातलं आणि लेकीला सांगितलं, "आज एकादशी हाय मला."

राधिकाने मोबाइल काढला. "एकादशी परवा झाली, माय. अन् डबा मी बघितलाय."

सत्यभामाबाईंनी डब्याचं झाकण पुन्हा दाबून बसवलं.

"चल, शहर दाखवते," राधिका म्हणाली. "शेंगदाणे घे पिशवीत. उपाशी फिरवली म्हनशील."

जॉर्जटाउन हे तिथलं जुनं शहर. दोनशे वर्षांची घरं एकमेकांना खांदा लावून उभी होती. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि पुढे सलग पडवी. उन्हात पाऊल न टाकता माणूस गल्ली संपवू शकेल अशी. एकाच रस्त्यावर देऊळ, मशीद, चर्च आणि उदबत्तीच्या धुरातलं चिनी मंदिर. सत्यभामाबाईंनी चारही ठिकाणी सारखेच हात जोडले.

बाजारात मात्र त्या एका टोपलीपाशी थबकल्या. डोक्याला रुमाल बांधलेली एक मलय बाई हिरव्या पानांच्या जुड्या घेऊन बसली होती. सत्यभामाबाईंनी पानाची कड चुरगाळून नाकाला लावली.

"ही तर हळद हाय. पाला काहून इकून राहिली ही?"

"खातेत माय. बारीक चिरून भातात घालतेत. मी बी करते."

राधिका मलय भाषेत त्या बाईशी दोन वाक्यं बोलली, तशी बाईने काहीतरी विचारलं. राधिका हसली. "तिला सांगितलं, माझी माय हळद पिकवते. ती इचारती, तुमी पाल्याचं काय करता?"

"सांग तिला, कापून बांधावर टाकतो म्हून," सत्यभामाबाई म्हणाल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "चाळीस वर्षं झाली टाकून राहिलो."

राधिकाने ते सांगितलं. मलय बाईने कपाळाला हात लावला आणि जुडीत दोन पानं वरून घातली.

तिथून त्या समुद्रावर गेल्या. पाण्यात खांब रोवून चिनी लोकांनी फळ्यांवर घरं बांधली होती, शेतातल्या राखणीच्या माळ्यासारखी. त्या फळ्यांच्या टोकाला दोघी बसल्या.

"माय, एक सांगायचंय," राधिका म्हणाली. "दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हनले, लेकरू होनार न्हाई. आमी दोघांनी ते मान्य केलंय. बरं चाललंय आमचं. पन तू जेवनार कधी, ते सांग. का कधीच न्हाई?"

समोरच्या घरातला एक म्हातारा दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होता. घराखाली माती नव्हती, नुसता समुद्र. तरी दारात दहा-बारा कुंड्या होत्या, आणि सगळ्या हिरव्यागार. तो शेवटच्या कुंडीपर्यंत जाईस्तोवर सत्यभामाबाई पाहत राहिल्या. मग त्यांनी राधिकाच्या पाठीवरून हात फिरवला.

"दोन वर्षं एकटीनंच धरून बसलीस व्हय?"

राधिकाने पानांची जुडी मांडीवर ओढून घेतली.

"ऊठ. घरी चल. भूक लागली मला."

"शेंगदाणे हाईत न पिशवीत."

"टोमणे मारू नको. तुझा तो पाल्याचा भात कर."

त्या संध्याकाळी काठाचं ताट फळीवरून खाली आलं. सत्यभामाबाईंनी पहिला घास घेतला, सावकाश चावला.

"मीठ कमी हाय."

"मामी, मी रोज हेच सांगतो," प्रज्ञेश सासूबाईंना म्हणाला. "या घरात माझं ऐकत नाही कोणी."

राधिका हसता हसता मीठ आणायला उठली आणि स्वयंपाकघरातून यायला तिला जरा वेळच लागला.

सत्यभामाबाई कुरुंद्याला परतल्या, तेव्हा चंदाबाई ओट्यावर वाटच पाहत होत्या. "पुरल्या का दशम्या?"

"बुरसल्या, चौथ्याच दिवशी."

"मग?"

"लेकीच्या घरी जेवले."

चंदाबाईंनी डोळे बारीक केले. "म्हंजे लेकराची बातमी हाय?"

"न्हाई. त्याची वाट पाहिली न्हाई मी, बाई. हळदीच्या पाल्याचा भात करती. चव हाय तिच्या हाताला."

चंदाबाई पदर सावरून उठल्या आणि आपल्या घराकडे वळल्या. त्यांचं ते उठून जाणं रागाचं की विचाराचं, ते सत्यभामाबाईंना त्या दिवशी कळलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी चंदाबाई जवळा बाजारहून नेहमीच्या बसने आल्या नाहीत. दुसरी बस आली, त्यातही नव्हत्या. सत्यभामाबाई काळजीने फाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या बसमधून चंदाबाई उतरल्या. हातातलं भाकरीचं फडकं बांधलेलं तसंच होतं.

"एवढा उशीर?"

"कोमल सोडतच नव्हती," चंदाबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी पदराने ओठ पुसले. "पिठलं लई तिखट करती पोरगी."