एक शेळी, दोन दावी

दौलताबादला शेळ्या राखणाऱ्या मुंजाबाची लेक शीला पुंडलिकनगरात कोडिंगच्या क्लासला यायची. कोडमध्ये एकाच लिस्टला दोन नावं दिली, तर एका नावानं केलेला बदल दुसऱ्या नावाखाली कसा दिसतो, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना. सरांनी दिलेली व्याख्या तिनं घोकून घोकून पाठ केली, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग तिला मोबाईलवर एक साइट सापडली. तिथं कोड टाकला की ओळीओळीचं चित्र उमटायचं. बघते तर लिस्टची चौकट एकच, आणि दोन्ही नावांचे बाण तिच्याकडंच!

"हात् तिच्या! एका शेळीला दोन दावी बांधलीत व्हय? कोणतंबी ओढा, शेळी तीच!"

दुसऱ्या दिवशी सरांनी तेच विचारलं. शीलानं बोर्डावर शेळी काढली, दोन दावी काढली, दाव्यांवर नावं लिहिली. वर्ग खिदळला.

"ही काय बालवाडीय?" सर म्हणाले. "पुसा ते, अन् व्याख्या सांगा."

शीलाचं डोकं फिरलं. तिनं डस्टर पाठीमागं धरलं.

"व्याख्या पाठ होती सर, तवा मला कायबी कळत नव्हतं. आधी या शेळीत चूक दाखवा, मग पुसते."