मळखाऊ रंगाचं जॅकेट

अरुणा तेंडोलकरांच्या कपाटात भडक म्हणावं असं एक चिरगूट सापडायचं नाही. साड्या मातकट, धुरकट, फार तर शेवाळी. पडदे तपकिरी, चादरी त्याहून तपकिरी. जन्म कुडाळकडचा, लाल मातीतला. तिथे पांढरं घालून अंगणात उतरलं की संध्याकाळपर्यंत त्याची रया जायची, म्हणून आईने पोरींना शिकवून ठेवलं होतं की रंग घ्यावा तो मळखाऊ. पुढे अरुणाताई लग्न होऊन नेरूळच्या फ्लॅटमध्ये आल्या, बेलापूरच्या सरकारी कार्यालयात टेबलामागे त्यांची नोकरी सरली, लाल माती कुठल्या कुठे राहिली. शिकवण मात्र सुटली नाही. आणि खरं सांगायचं तर ती कपड्यांपुरती राहिलीच नव्हती. मीटिंगमध्ये मागची खुर्ची, फोटोत कडेची जागा, लिफ्टमध्ये सगळे शिरल्यावर आपण. आपल्यामुळे कुणाचा खोळंबा होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. अशा बाईला लोक ‘फार चांगली हो’ म्हणतात आणि निरोपसमारंभात तिचं नाव चुकवतात. अरुणाताईंचं चुकवलं होतंच.

तर अशा या बाईला निवृत्तीनंतर डोंगराचं वेड लागलं! सकाळी चालायला जायच्या, तिथल्या ओळखीतून रणजीतच्या गिर्यारोहण क्लबात गेल्या. रणजीत ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरीला. पोटापाण्यासाठी कॉम्प्युटर आणि जिवासाठी डोंगर, असा माणूस. शिस्तीला कडक. अरुणाताईंचे गुडघे मजबूत, दम चांगला, तक्रार शून्य, त्यामुळे त्याला या काकू फार आवडायच्या. सप्टेंबरात क्लब हिमालयातली एक बर्फाळ खिंड ओलांडणार होता. अरुणाताईंना जायचं होतं. नुसतं ‘जमलं तर बघू’ नव्हे, जायचंच होतं. स्वतःसाठी इतकं काही हवंसं वाटायची त्यांना सवयच नव्हती, त्यामुळे त्या थोड्या घाबरूनही गेल्या होत्या. शेवटी एकदा नवऱ्याला सांगून टाकलं.

श्यामसुंदर गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठीवर आले होते. पेपरातून मान न काढता म्हणाले, “जा की. येताना बर्फ आणू नकोस, फ्रीजमध्ये आहे.”

झालं, परवानगी मिळाली. आता रणजीतच्या दोन अटी: टिकाऊ वॉटरप्रूफ जॅकेट घ्यायचं, आणि जुलैतल्या सरावाच्या चढाईत ते घालून दाखवायचं. जो तिथे पास, तो हिमालयात.

मुलगी क्षिप्रा त्यांना वाशीला एका दुकानात घेऊन गेली. आता खरेदीत अरुणाताईंना फसवणारा अजून जन्माला यायचाय. त्यांनी जॅकेट आधी उलटं केलं. “शिवणीवर ही पट्टी सगळीकडे आहे, की दर्शनी भागापुरतीच?” मग चेन वर-खाली, वर-खाली. मग टोपी चढवून मान डावीकडे-उजवीकडे; मान वळली आणि टोपी तिथेच राहिली तर डोळ्यांवर येणार, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. शेवटी पर्समधली बाटली काढून बाहीवर पाणी ओतलं. दुकानातला पोरगा बघतच राहिला.

“आई, बस ना यार,” क्षिप्रा दुसरीकडे तोंड करून म्हणाली.

“अगं, एकदा घ्यायचं तर मरेपर्यंत टिकायला नको?” काखेतल्या चेनी बघून मात्र त्यांना हसू आलं. “आणि या खिडक्या कशाला?”

“घाम जायला, मॅडम. बाहेरचं पाणी अडवलं आणि आतलं साठलं, तर भिजणं तेच.”

हे त्यांना पटलं. कापड, शिवण, चेन, टोपी, सगळं पसंत पडलं. आणि मग घोडं अडलं रंगावर. पोरगा काढत होता केशरी, लिंबोणी, पोपटी. क्षिप्राने केशरी धरून ठेवलं.

“या वयात? शी! पहिल्याच दिवशी मळेल ते. अहो, मळखाऊ रंगात नाही का?”

होतं. सगळ्यात खालच्या कप्प्यात, कुणी न विचारलेलं. राखाडीही नाही, तपकिरीही नाही. अरुणाताईंचा चेहरा खुलला. घरी येऊन त्या जॅकेट घालून शॉवरखाली उभ्या राहिल्या, बाहेरून श्यामसुंदर ओरडले, “बुडालीस का?” आणि आतून उत्तर आलं, “ठणठणीत कोरडी!”

सरावाची चढाई घाटातल्या एका पठारावर होती. चढताना अरुणाताई तरण्या पोरांच्या पुढे. वर पोचल्यावर सगळे डबे उघडून बसले, तेव्हा त्यांना जरा आडोशाला जायचं होतं. आता हे चारचौघांत कसं सांगायचं? कुणाला न सांगता त्या कारवीच्या झुडपांमागे गेल्या. परत वळतात तो धुकं. असं उतरलं की स्वतःचे बूट दिसेनात. कडा कुठे, वाट कुठे, कळायला मार्ग नाही. वाट चुकली की आहे तिथेच बसायचं, हे रणजीतने सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. त्या एका खडकाला टेकून बसल्या. वारा आडव्या सरी मारत होता. जॅकेटच्या आत थेंब नव्हता. कौतुक करावं तेवढं थोडं, पण त्यांची पाचावर धारण बसली होती.

बऱ्याच वेळाने हाका ऐकू आल्या. “काकूऽऽ!” धुकं जरासं विरलं आणि समोरून एक केशरी ठिपका आला. रणजीत! अरुणाताईंचा जीव भांड्यात पडला. त्या उठल्या आणि त्यांनी काय करावं? मीटिंगमध्ये करतात तसा एक हात अर्धा वर केला, आणि म्हणाल्या, “अहो… इथे.”

रणजीतने थेट त्यांच्याकडे पाहिलं. अगदी सरळ. आणि तो वळून कड्याच्या दिशेला चालू लागला.

तेव्हा अरुणाताईंना भीती नाही वाटली. त्यांना राग आला. असा राग की कानशिलं तापली. किती जणांनी आजवर असंच पाहिलं असेल आणि वळून गेले असतील, आणि आपण प्रत्येक वेळी म्हटलं, जाऊ दे!

“अरे, दिसत नाही का मी? इथे आहे मी! इथेऽऽ!”

तो आवाज आपला आहे हे त्यांना स्वतःलाही क्षणभर कळलं नाही. रणजीत जागच्या जागी थांबला, आवाजाच्या रोखाने धावत आला, आणि हातभर अंतरावर येईपर्यंत त्याला त्या दिसल्या नाहीत.

खाली उतरून बसपाशी आल्यावर तो म्हणाला, “काकू, न सांगता बाजूला जायचं नाही, हे एक. लाजून मेलं तर फायदा कुणाचा? आणि दुसरं, जॅकेट एक नंबर आहे, पण मी तुमच्याकडे बघत होतो आणि मला कातळ दिसत होता. हे घालून मी तुम्हाला हिमालयात नेणार नाही.”

बसमध्ये अरुणाताई खिडकीकडे तोंड करून रडल्या. सगळा ग्रुप त्यांच्यापायी पावसात ताटकळला होता. जन्मभर जे टाळलं तेच घडलं होतं, आणि घडलं होतं ते टाळण्याच्याच पायी.

पण नवंकोरं जॅकेट टाकायचं कसं? धड शिवण उसवलेली नाही, चेन अडलेली नाही. त्यांनी रणजीतला मेसेज केला: ‘सॅकला केशरी कव्हर घातलं तर?’ उत्तर आलं: ‘सॅक सापडेल. तुमचं काय?’ त्या दोन दिवस धुमसल्या. मग क्षिप्राने मळखाऊ जॅकेट आपल्या स्कूटीच्या डिकीत टाकलं आणि म्हणाली, “हे माझं. आता रड नाही.”

दुसऱ्या दिवशी अरुणाताई एकट्याच वाशीला गेल्या. दुकानातल्या पोराने त्यांना पाहिलं आणि निमूटपणे पाण्याची बाटली पुढे केली.

“बाटली ठेव. ते केशरी काढ.”

“मॅडम, ते लवकर मळतं हां. मग म्हणाल…”

“मळू दे!”

पिशवीही घेतली नाही. अंगात घालूनच निघाल्या. बाहेर भुरभुर चालू होती. नेरूळ स्टेशनबाहेर भाजीवाली बघत होती, रिक्षावाले बघत होते, सोसायटीतल्या दोघी तर बोलायच्या थांबल्या. अरुणाताईंना वाटलं, काढून हातात घ्यावं. कान गरम झाले, पाय भरभर पडायला लागले. पण चेन त्यांनी उघडली नाही.

बेलवर बोट टेकवणार तोच दार उघडलं. श्यामसुंदर काठी टेकत उभे होते.

“अगंबाई! बेल कुठे वाजवली मी?”

“सिग्नलपाशी वळलीस तेव्हाच दिसलीस की. गॅलरीतून.”

“तुम्ही गॅलरीत काय करताय, पावसाचे?”

श्यामसुंदरांनी उगाच काठी या हातातून त्या हातात घेतली. “रोजच उभा असतो. तुझी यायची वेळ झाली की. मी रिटायर झाल्यापासून, तुझं ऑफिस होतं तेव्हापासून.”

“मग कधी बोलला नाहीत ते?”

“बोलायचं काय त्यात? रोज बघत बसायचो त्या गर्दीत. सापडायची नाहीस. बेल वाजली की कळायचं, आली.” त्यांनी त्या केशरी रंगाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मग स्वयंपाकघराकडे वळत म्हणाले, “चल, आत ये. आज पहिल्यांदा चहा वेळेवर टाकता आला.”